जंगल म्हणा, भाऊ

चहा मंग घ्या, भाऊ. चहा कुठं पळून जात नाही. आधी इकडे या, या बाभळीखाली — तिकडे माणसांत नका थांबू, तिकडे मामा आहे, अन् मामानं मले सांगतलं की पिंडाजवळ पुन्हा दिसला तं तंगडं मोडीन. बसा. दगड तापला आहे, हा गमछा टाका खाली — नाही, घ्या नं, डोकं भादरलं तवापासून मले ऊन्ह-गिन्ह काही समजतच नाही. तुम्हीच नं चंद्रशेखर? पुण्याचे, शिवम गाणे धाडे ते? हाव, पाह्यल्याबरोबर ओळखलं म्या. गळ्यात एवढा मोठा हेडफोन घालून दहाव्याले येणारा माणूस दुसरा कोण असन. मी सागर. शिवमचा लहाना. तो सांगतच असन तुम्हाले फोनवर, की आमच्या घरी एक येडं आहे म्हणून. तेच मी.

दिसून राह्यलं नं इथून? ती वाळूवरची पत्रावळ, तिच्यावर पिंड, अन् सारं गाव असं लांब उभं, तोंड वर करून. कावळे नाहीत असं नाही. आहेत. ते पलीकडच्या कडुलिंबावर बसेल आहेत सारे, लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखे. खाली एक उतरत नाही. महाराज म्हणे त्याची काही इच्छा राह्यली असन, बोला कोणी तरी. मंग काय, बोलले सारे. बाबांनी हात जोडले, म्हणे शिवम, तुह्या मायवर मी आता कधी आवाज चढवणार नाही. सारं गाव ऐकून राह्यलं, कावळा नाही हालला. गुलाबमामा म्हणे सारिकाचं लग्न मी लावून देतो, तू काळजी करू नको — सारिका आमची बहीण, बारावीले आहे अजून, तिले नर्सिंगले जायचं आहे, तिले कोणी विचारलं का? राजकुमारशेठ, ज्याच्या डीजेच्या गाडीवर दादा ऑपरेटर होता, तो म्हणे गाडीच्या कपाळावर तुहं नाव टाकतो, लायटिंगसकट. मले वाटलं याच्यावर तरी येईन. नाही. कोणी जिलेबी ठेवली, कोणी तर्रीपोहे, एका पोट्ट्यानं थंड्याची बाटली झाकण उघडून ठेवली — कावळा काय बाटलीनं पिते का बे? आता महाराज म्हणून राह्यले, थोडा वेळ पाहू, नाही तं दर्भाचा कावळा करू. म्हणजे गवताचा. गवताचा कावळा करायचा, पिंडाले लावायचा, झालं म्हणायचं अन् आंघोळी करून घरी जायचं. माह्या भावाले जिता कावळासुद्धा भेटू नये? तुम्ही शिकेल आहात, तुम्ही सांगा.

मले माहीत आहे त्याचं काय राह्यलं. त्या माणसांतल्या कोणाले माहीत नाही, अन् सांगतलं तरी समजणार नाही. म्हणून तं तुमची वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं पुण्यावाला येईन, धाडच्या स्टँडवर उतरन, जीप पकडन, तोवर महाराजाले काही ना काही बोलून थांबवतो. तुमच्यापाशी अडकलं आहे ते, भाऊ. तुम्हीच अडकवलं.

ते गाणं. हलगीवालं. त्यानं तुम्हाले धाडलं होतं दिवाळी झाल्यावर. अन् तुम्ही काय म्हटलं? भारी झालं शिवम, पण हे जंगल म्युझिक नाही, हे ड्रम अँड बेस आहे. म्हटलं नं? नाही, तुम्ही वाईट बोलले असं मी म्हणत नाही, तुम्ही चांगल्या मनानंच बोलले असान — पण तुम्हाले माहीत आहे का तो दोन दिवस जेवला नाही बरोबर? वरण-भात कालवून नुसता बसून राहे. माय म्हणे पोरी-गिरीचं काही आहे का रे. म्या म्हटलं, नाही माय, पुण्याच्या माणसानं त्याचं जंगल नापास केलं. मायनं माह्याकडे असं पाह्यलं की आता दुसऱ्यालेही देवऋषी दाखवा लागते.

फरक मले माहीत आहे, मले नका समजावून सांगू. सातवीत शाळा सोडली म्या, पण हे मले झोपेत विचारा. दादानं शिकवलं आहे. एक इअरफोन दोघांत — उजवं त्याच्या कानात, डावं माह्या कानात, गोठ्याच्या भिंतीले टेकून, संध्याकाळी धारा काढून झाल्या की. मले नेहमी डावंच, कारण मी त्याच्या उजव्या बाजूले बसो. म्हणे, पाह्य सागऱ्या, जंगल म्हणजे शंकरपट. शर्यतीत जोडी सुटली की बैलाचे खूर कसे वाजते? एक दुसऱ्यासारखा पडत नाही. सारं विखरून गेल्यासारखं वाटते, धुराळा, आरोळ्या, मधातच एखादा माईकवर बोंबलून राह्यला — अन् तरी जोडी मोडत नाही, सरळ रेघेवर येते. खालून बेस मात्र हळू, आरामात, जसा पट पाहाले आलेला म्हातारा बिडी ओढत बसला आहे. ते जंगल. अन् ड्रम अँड बेस म्हणजे मळणीयंत्र. सोयाबीन टाकत जाय, ते आपलं एकाच ठेक्यात, धड-फट्, धड-फट्, साफ, काही सांडत नाही, अन् बेस असा घुमते की उभ्या माणसाचे दात हालले पाह्यजे. वेग दोघांचा जवळजवळ सारखाच. धावून दोघंही राह्यले. घरही एकच — लंडनच्या गल्ल्या. तिथल्या पोट्ट्यांचे आजे-बाप लांबच्या बेटांवरून कामाले आले होते, त्यांनी आपले मोठमोठे स्पीकर अन् आपला बेस आणला, अन् या पोट्ट्यांनी जुन्या रेकॉर्डीतला ढोल घेतला, त्याचे तुकडे केले, वेग वाढवला, अन् त्या बेसवर उधळून देला. पहिले जंगल झालं. मंग काही जणांनी त्याले धुतलं, पुसलं, भांग पाडला — ते ड्रम अँड बेस. लोक म्हणाले जंगल संपलं. दादा म्हणे संपत-बिंपत नाही काही, मोठा थकला की लहाना कासरा धरते, एवढंच. म्या विचारलं, मंग तू जंगल अन् मी ड्रम अँड बेस? तं म्हणे, तू बैल. उठ, म्हशीले पाणी दाखव.

असा होता. चांगलं बोलाची वेळ आली की शिवी दे.

इथं कोणाले कामाचं होतं ते? एकदा एका हळदीत त्यानं लावलं जंगल, जरासंच, नवरदेवाले मेंदी लागेपर्यंत. नवरदेवाचा चुलता धावत आला, म्हणे ऑपरेटर, तुह्या स्पीकरचा पडदा फाटला. दादानं हात जोडले, म्हणे हाव काका, आता दुरुस्त करतो, अन् लावलं त्याहिचं नेहमीचं. गाडीच्या मागे जाऊन एवढा हसला, एवढा हसला — मले म्हणे, सागऱ्या, लंडनमधी पण पहिल्या दिवशी कोण्या चुलत्यानं हेच म्हटलं असन.

अन् म्हणूनच हलगी. तो म्हणे, ते लोक ज्या रेकॉर्डीतला ढोल कापते ती त्याहिच्या बापानं ऐकेल आहे. आपल्या बापानं काय ऐकलं? हलगी. मंग मी हलगी कापीन. रंगराव हलगीवाल्याले बोलावलं, आमच्या मधल्या खोलीत बसवलं, खिडकीले गोधड्या टांगल्या, एक गोधडी मी धरून उभा — आवाज बाहेरचा आत नाही आला पाह्यजे. भर उन्हाळा. रंगराव म्हणे, पोरहो, हलगी तापवाले शेकोटी लागते, इथं तं मीच तापून राह्यलो. माशी उडाली तरी दादा खेकसे. अन् मंग महिनाभर त्यानं त्या हलगीचा एकेक टोला सुटा केला, कांद्याच्या पाकळ्या कराव्या तसा. कडकडाट होता त्याच्यात, रंगरावच्या बोटातल्या अंगठीचा आवाजसुद्धा होता. एवढं सारं करून माणूस विचारते झालं का जंगल, अन् तुम्ही म्हणता नाही. तुकडे केले पण परत सरळ लावले म्हणता. भांग पाडला म्हणता. भाऊ, तुमचं काय गेलं असतं?

म्हणून म्या आज ते केलं. त्याच्यावरूनच मामा भडकला. साऱ्यांचं बोलून झालं, कावळा येईना, तं म्या राजकुमारशेठच्या पिकअपमधला स्पीकर काढला, पेन ड्राइव्ह लावला — दादाच्या कॉम्प्युटरमधून घेऊन ठेवलं होतं म्या — अन् इथं नदीवर, पिंडापासून जवळच, लावलं त्याचं गाणं. म्हटलं यांले काय समजते जिलेबी-फिलेबी, त्याले त्याचं ऐकू द्या. पहिला बेस पडला अन् कावळे — भाऊ, या बाभळीवरचे, त्या दगडावरचे, सारेच्या सारे एकदम उठले. नदीच्या पार. आकाश काळं झालं. मामानं वायर उपटली. एक टोलासुद्धा वाजला नाही हलगीचा. बाबा खाली वाळूवर बसले. ज्याच्या दहाव्याले कावळे पाह्यजे त्याच्याच भावानं कावळे हाकलले, असं कोणी तरी म्हटलं मागून. हसले नाही कोणी. हसले असते तं बरं झालं असतं.

तं आता एवढंच करा. चाला तिथपर्यंत, बूट काढा, हात जोडा, अन् म्हणा — शिवम, ते जंगलच आहे. बस. मोठ्यानं नका म्हणू, लोकांले काय समजणार आहे. मनात नका म्हणू पण, मनातलं कावळ्याले काय ऐकू येते. मध्यम आवाजात म्हणा.

काऊन? काऊन नाही? खोटं होईन म्हणून? बाबा म्हणले मायवर आवाज चढवणार नाही — ते खरं आहे का? उद्या सकाळी ताकात मीठ जास्त पडू द्या, मंग ऐका. राजकुमारशेठ गाडीवर नाव टाकन का? पोरगी झाली की पोरीचं टाकन. सारे खोटं बोलले, भाऊ, अन् सारे मोठे माणसं आहेत. तुम्हाले एकट्याले खऱ्याचं काय पडलं? मी तुमच्या पाया पडतो. नाही, पाय मागे नका घेऊ. माह्या भावाच्या गाडीले रोही आडवा आला, तुमच्याकडे नीलगाय म्हणते तो, देऊळघाटच्या अलीकडे, दिवेलागणीले, कोणाची चूक नाही, रोह्याची पण नाही, कोणाशी भांडू मी सांगा? ज्याच्याशी भांडता येते असे तुम्ही एकच आहात. म्हणून तुम्हीच म्हणा. म्हणा नं जंगल. एका शब्दानं काय होते. लंडनहून कोणी तपासाले येणार आहे का?

काय? कवा?

तो गेला त्याच दिवशी? सांजेले? थांबा — तो निघाला तवा घरासमोर गाडीवर बसून फोनवर बोलून राह्यला होता, म्या पाह्यलं त्याले, एक पाय खाली टेकून, हसत होता. म्या विचारलं कोण आहे, तं हातानंच सांगतलं जाय तिकडे. ते तुमच्याशी होतं? त्या साऱ्या वेळ तो तुमच्याशीच बोलून राह्यला होता?

काय म्हटलं त्यानं? नाही, त्याच्याच शब्दांत सांगा. तुमच्या पुण्याच्या भाषेत नका सांगू.

हाव म्हटलं? ड्रम अँड बेसच आहे म्हटलं? स्वतःच? अन् मुद्दाम सरळ ठेवलं — सागऱ्याले सरळच ठेका समजते म्हणून? वाकडं केलं की त्याचे पाय अटकते, तो नाचाले येत नाही, म्हणून?

दुष्ट लेकाचा. मले समजते. मले सारं समजते वाकडं. म्या कधी सांगतलं नाही त्याले, एवढंच.

अन् हसला? रागात नव्हता? वरण-भात कालवून बसे ते मंग काय — काय म्हणता, पुढचं गाणं? पुढच्या गाण्याचा विचार करून राह्यला होता? ते खरं जंगल करायचं होतं, शंकरपटात जाऊन खुरांचा आवाज भरून आणायचा होता? मले नाही बोलला. नाही, बोलला असन, मी मोबाइलात असन.

मंग त्याचं काही राह्यलंच नाही. नाही का? तुमच्याशी भांडण नाही, मनात काही नाही, पोट भरून हसून गेला. पुढच्या गाण्यासाठी काही कोणी अडत नाही, पुढचं तं साऱ्यांचंच राहते. मंग कावळा काऊन नाही येत, भाऊ? त्याची इच्छाच नाही राह्यली तं कावळा काऊन —

आला होता.

एक आला होता. पहिल्याच झटक्याले. महाराजांनी पाणी फिरवलं, आम्ही मागे सरकलो, अन् लगेच आला तो. कोणी काही बोललं नव्हतं अजून, नाही मामा, नाही राजकुमारशेठ. आला अन् पत्रावळीच्या काठावर उतरला, मान वाकडी करून पिंडाकडे पाह्यलं त्यानं, चोच अशी खाली — अन् माहा हात वर गेला. हाड् म्हटलं म्या. पोरं अंगणात धान्यावरून हाकलते तसं. लोकांले वाटलं मी माशी वारली. मामाले दिसलं. मामा माह्या बाजूलेच होता. स्पीकरसाठी नाही लांब बसवलं त्यानं मले, भाऊ. स्पीकर तं नंतरचा. तो म्हणे तू तिथं आहे तोवर उतरणार नाही कोणी.

काऊन म्हणजे काय काऊन. कावळा शिवला की सारे उठते. गमछे झटकते. आंघोळी करते, घरी जाते, तेरवीले गोड करते, बुंदी वाढून घेते. न शिवला तं दादा इथंच कुठं तरी आहे. रुसेल आहे. रुसेल माणूस घरात नसला तरी असते नं कुठं तरी, शेतात, पाराजवळ, कोणी तरी समजूत काढाले जाते, मंग येते तो. मी त्याची इच्छा शोधून राह्यलो, इच्छा शोधून राह्यलो, अन् मनात म्हणो सापडू नये. तुम्ही उशिरा आले तं मले बरं वाटलं. हे तुम्ही तिकडे नका सांगू.

हे काय? नाही, नको मले हेडफोन. म्या ऐकलं आहे ते, तोंडपाठ आहे, वाजवून दाखवू का? … घाला मंग. हो, पण मोठं नका करू, पुन्हा उडतीन. दोन्ही कानांवर? माह्या कानात डावंच राहे. हे भारीच दाबते हो.

हाव. हा बेस. हा रंगराव. ही अंगठी, ऐकली का — तुम्हाले नाही येत ऐकू, हाव. सरळच आहे. सरळ आहे पण मधात एक टोला मुद्दाम उशिरा येते, तिथं माहा पाय — हे काय आहे? या बाजूले. उजव्या. हे कधी नव्हतं. या बाजूले हलगी नाही, कोणी तरी आहे. थांबा. मागे घ्या. मागे घ्या म्हणतो नं.

पुन्हा.

तुम्ही टाकलं का हे? खरं सांगा. त्यानंच? पहिल्यापासून होतं? त्याच्या कानात होतं हे. रोज गोठ्याच्या भिंतीशी बसून त्याच्या कानात हे वाजे अन् मी बाजूले बसून — पुन्हा लावा, भाऊ. "सागऱ्या, पंखा बंद कर बे." ऐकलं? खोलीतलं आहे. रंगराव खोकलला आहे मागून. "सागऱ्या, पंखा बंद कर बे." कसा वैतागला आहे पाह्य. काढलं नाही त्यानं. सारं पुसलं, धुतलं, अन् हे ठेवलं. पुन्हा. बोलू नका तुम्ही, दोन्ही हातांनी दाबून धरतो मी, बाहेरचं काही येऊ नये, पुन्हा लावा —

काय? काय झालं? माह्या डोळ्यापुढं हात नका हालवू.

माणसं काऊन उठली?

मामा इकडे काऊन पाहून राह्यला? बाबा — बाबांले धरा कोणी तरी. शिवला? कवा? आत्ता? म्या तं पाह्यलंच नाही. माहे दोन्ही हात इथं होते, कानावर.

जा भाऊ तुम्ही. चहा घ्या. मामाले म्हणा सागर येते आंघोळीले. नाही, हा हेडफोन राहू द्या जरा, जीपच्या आधी देतो. जा नं, उभे काऊन राह्यले —

केला, दादा. केला बंद.